नाना परीक्षांच्या बाई

सरकारी परिपत्रक मनावर घेणारं माणूस मी आजवर एकच पाहिलंय.

परिपत्रकात असं होतं की मुलांचं मूल्यमापन नुसत्या लेखी परीक्षेवर न करता वेगवेगळ्या तंत्रांनी, वेगवेगळ्या साधनांनी आणि वर्षभर करत राहावं. आमच्या भागातल्या बाकीच्या शिक्षकांनी ते वाचलं, खाली सही केली आणि फायलीला लावलं. बाईंनी ते वाचलं आणि मारे खूश झाल्या. मला म्हणाल्या, "अवो, सरकारच म्हणतंय, नाना रीतींनी तपासा म्हणून. आता मला कोण धरणार?"

खरोखरच पुढं त्यांना धरणं कुणाला जमलं नाही.

आमची शाळा कर्नाटकात, कुंभारवाडा गावाच्या पलीकडे, रानात विखुरलेल्या चार वाड्यांच्या मध्ये. पहिली ते सातवी मराठी, एक लांब खोली, एक व्हरांडा आणि आम्ही दोघी. मुलं त्यांना 'मोठ्या बाई' म्हणत आणि मला 'लहान बाई'. मी उंचीनं त्यांच्यापेक्षा हातभर जास्त होते, पण ते कुणी मनावर घेत नसे. मोठ्या बाई मूळच्या रामनगरच्या. सुती साडी, पायात पोरं घालतात तसले पळायचे बूट, गळ्यात शिट्टी आणि हातात कायम उघडलेली छत्री. ऊन असो, सावली असो, छत्री उघडीच. का, असं विचारलं की म्हणत, "मिटायचं ध्यानात राहात न्हाई."

माझी पहिलीच नेमणूक. जोयड्याहून, म्हणजे तालुक्याच्या गावाहून, जीपनं आले, टपावरून बॅग उतरवली, तर वळणावर छत्रीखाली बाई उभ्या. नमस्कार, चहापाणी काही नाही. पहिला प्रश्न, "तुम्हाला काय येत न्हाई?"

मी माझं डीएड, माझे टक्के सांगायला लागले.

"ते येतंय ते झालं. येत न्हाई ते सांगा."

मी घाबरून सांगितलं की सायकल येत नाही, कन्नड वाचताना अडखळते आणि जळवांची मला फार भीती वाटते. बाईंचा चेहरा उजळला. पिशवीतून बुंदीचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "पास. मागच्या मास्तरांना सगळं येत हुतं. आठ महिन्यांत बदली करून घेतली त्यांनी."

बाईंच्या परीक्षा मोजायला गेलं तर संपायच्या नाहीत. एक होती भांडणाची परीक्षा. चार मुलांना मिळून एक प्रश्नपत्रिका, एकच कागद, एकच पेन. उत्तर कुठलं लिहायचं यावरून ती पोरं तोंडानं, हातानं, कधी दप्तरानं भांडत. बाई शेजारी डोळे मिटून बसत. कुणी आलं तर वाटावं, बाईंचा डोळा लागलाय. गुण उत्तराला थोडे आणि भांडणाला जास्त. "तू म्हणतोस म्हणून व्हय काय?" असं कुणी म्हटलं की बाई डोळे मिटूनच बोटानं हवेत एक रेघ ओढत. तो एक गुण.

दुसरी होती चुकीच्या उत्तरांची. या परीक्षेत बरोबर उत्तर लिहिलं की शून्य. चूक लिहायची आणि ही चूक माणूस का करील, ते पटवून द्यायचं. मुलं या परीक्षेसाठी ताप अंगावर घेऊन येत. एकानं लिहिलं होतं, सात आठे चौपन्न, कारण मोजत येताना वाटेत जळू चावली आणि ती काढायच्या नादात दोन राहिले. बाईंनी त्याला पैकीच्या पैकी दिले. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्येला छप्पन्न ठाऊक असल्याबिगर चौपन्नाला दोन कमी पडलेत हे कसं लिहिलं असतं?"

आणि एक होती खरं-खोट्याची. आमच्याकडे, म्हणजे बेळगाव-खानापूरपासून इकडे, 'पण' म्हणायचं असलं तरी लोक 'खरं' म्हणतात. 'मी आलो असतो, खरं बस चुकली.' बाईंनी याचाच नियम केला. 'खरं' असं नुसतं लिहून चालायचं नाही, त्यापुढं आणखी एक 'खरं' लावून वाक्य पुरं करायचं. 'सूर्य पूर्वेला उगवतो' या विधानाला पाचवीतल्या एका मुलीनं उत्तर लिहिलं, "खरं. खरं आमच्या घरामागं डोंगर हाय म्हणून उशिरा उगवतो." बाई ते उत्तर आठवडाभर दिसेल त्याला ऐकवत होत्या. कंडक्टरला ऐकवलं. पोस्टमनलाही ऐकवलं.

त्यांचं म्हणणं असं की पोर नापास होत नाही, प्रश्न नापास होतो. एखादा प्रश्न सगळ्या वर्गाला चुकला, तर तो पाटीवर लिहून बाई ती पाटी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी करत. "ऱ्हा तिथं. नीट विचारायला शीक, मग ये." दिवसभर तो प्रश्न कोपऱ्यात उभा. येता-जाता मुलं त्याच्याकडे दयेनं बघत. शाळा सुटायच्या आत कुणीतरी त्याला सोडवून आणायचंच, म्हणजे तो प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारायचा.

या सगळ्याचे गुण शेवटी मला संगणकाच्या भाषेत बसवावे लागत. 'भांडण: सात' असा रकाना सरकारी पोर्टलवर नव्हता. मी ते 'गटकार्य' करून, देवळामागच्या कातळावर चढून, मोबाइलला रेंज आली की भरत असे. बाई खालून छत्री हलवत ओरडत, "गेले काय?" मी वरून म्हणे, "फिरतंय अजून." पोर्टलवरचं ते गोल फिरणारं चक्र बाईंना फार आवडे. म्हणत, "ते बिचारं तरी विचार करालाय."

एकच मुलगी या सगळ्या परीक्षांना पुरून उरली. शेवंती, सहावीतली. लेखी दिलं तर कोरा कागद. तोंडी विचारलं तर नजर जमिनीवर. भांडणाच्या गटात ती पेन धरून बसे. मराठीत नाही तर नाही, बाई म्हणत, कोंकणीत सांग, घरी बोलतेस तसं सांग. तरी नाही. तिच्या आईनं ठरवून टाकलं होतं की शिगमा झाला की हिला गोव्याला मावशीकडे धाडायची, घरकामाला तरी उपयोगी पडेल. बाई तिच्या आईला म्हणाल्या, "थोडं थांबा. तिची परीक्षा मला अजून सापडली न्हाई." आई म्हणाली, "बाई, तुमी सोधीत बसा. ती न्हातीधुती व्हईल तवर."

त्यानंतर बाईंनी उलटी परीक्षा काढली. प्रश्न मुलांनी काढायचे, पेपर बाईंनी लिहायचा आणि तपासायचा पुन्हा मुलांनी. बाई पोरांच्या बाकावर गुडघे मुडपून बसल्या. मी पर्यवेक्षक. लिहिताना त्यांनी दोनदा शेजारच्याच्या वहीत डोकावायचा प्रयत्न केला, मी त्यांना ताकीद दिली. पेपरात त्यांनी मुद्दाम चार-पाच चुका पेरल्या होत्या. पण बाईंचा पेपर म्हटल्यावर पोरांनी आदरानं डोळे झाकून बरोबरच्या खुणा केल्या. पेपर हातोहात फिरत शेवंतीपाशी आला. तिनं बराच वेळ वाचला. मग बोट ठेवून म्हणाली, "ह्ये चुकलंय."

वर्गातल्या कित्येकांनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. पहिलीतलं एक पोर तर आवाज कुठून आला ते बघायला बाकाखाली वाकलं.

"आनी ह्ये पन. आनी हितं अक्षर लागत न्हाई."

तिनं बाईंना पंचवीसपैकी सोळा दिले. बाईंनी तो पेपर दोन्ही हातांनी घेतला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागून गेले, तर तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या का काय करत होत्या, मला नीट कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेतला प्रत्येक पेपर, माझी टाचणवहीसुद्धा, आधी शेवंतीकडून तपासून जाई. ती बोले फक्त चूक दाखवण्यापुरतं. बाकी गप्पच.

खरा गोंधळ झाला तो घरच्या परीक्षेनं. मुलानं शाळेतला एक धडा घरी जाऊन एका मोठ्या माणसाला शिकवायचा. दोन दिवसांनी बाई त्या माणसाला गाठून प्रश्न विचारणार. त्याला जितके गुण, तितके मुलाला. आमच्या शाळेच्या देखरेख समितीचे अध्यक्ष जीप चालवत. जोयडा ते कुंभारवाडा त्यांच्याच जीपमधून आम्ही ये-जा करायचो. त्यांचा मुलगा म्हादू सातवीत, लेखीला नेहमी पहिला. त्याच्या वाट्याला पृथ्वीचं फिरणं आलं. बाई संध्याकाळी अध्यक्षांच्या अंगणात पोचल्या. मी बरोबर होते. अध्यक्ष नुकतेच आंघोळ करून चहा पीत बसले होते.

बाईंनी विचारलं, "पृथ्वी सोताभोवती फिरते. त्यानं काय व्हतं?"

अध्यक्ष म्हणाले, "चक्कर येती."

"आणि सूर्याभोवती फिरते, त्यानं?"

अध्यक्षांनी विचार केला. "डिझेल जळतं."

बाईंनी दहापैकी दोन दिले. तेही न घाबरता बोलल्याबद्दल. म्हादूनं बापाला व्याख्या पाठ म्हणून दाखवली होती, बापानं ऐकता ऐकता मान हलवली होती, एवढंच शिकवणं झालं होतं. पण म्हादूला दोन गुण पडले म्हणण्याऐवजी अध्यक्षांना दोन पडले, अशी बातमी वाड्यांमधून फिरली. जीपमध्ये बसताना लोक भाडं द्यायच्या आधी विचारत, "अध्यक्ष, पृथ्वी कशी हाय?" मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या तोंडात पदर कोंबून हसत. अध्यक्ष तापट नव्हते, पण त्यांनाही किती सोसणार? त्यांनी जोयड्याला जाऊन शिक्षण खात्यात तक्रार दिली. तक्रार एका ओळीची: बाई पालकांना नापास करतात.

चौकशीला साहेब आले. आमच्याकडे यायला दुसरं वाहन नव्हतं, म्हणून ते अध्यक्षांच्याच जीपमधून आले. धूळ झटकून खुर्चीवर बसले. शांत माणूस होता. मातृभाषा कन्नड, मराठी सांभाळून बोलणारा. मी चहा ठेवला. बाईंची नोकरी थोडीच राहिली होती. या वयात चौकशी, नोटीस, कदाचित निलंबन, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. बाई मात्र आल्या त्या छत्रीसकट.

साहेबांनी विचारलं, "बाई, पालकांची परीक्षा तुम्ही घेतलात?"

"न्हाई साहेब. मी म्हादूचीच घेतली. अध्यक्ष ही उत्तरपत्रिका हाय."

साहेबांना ठसका लागला. अध्यक्ष म्हणाले, "मी उत्तरपत्रिका?"

"व्हय. तपासायला घेतली तर कोरीच हुती. म्हादूनं तुमच्यावर कायबी लिहिलं न्हवतं. त्यात तुमचा काय दोष?"

हे अध्यक्षांच्या ध्यानात आलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "मग माझे दोन गुण..."

"म्हादूचे दोन."

साहेबांनी फायलीतलं परिपत्रक काढून वाचलं. मग म्हणाले, "लेखी परीक्षेला फेरपरीक्षा असते. याला आहे?"

बाई म्हणाल्या, "आत्ता घेऊ."

म्हादू उभा राहिला. पाठ केलेली व्याख्या सुरू केली आणि दोन शब्दांवर थांबला. बापाच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "बा, भायेर चला." आम्ही सगळे मैदानात गेलो. म्हादूनं इकडेतिकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाला, "सर, तुमी सूर्य. मधी उभं ऱ्हावा. हलायचं न्हाई." साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, चष्मा खिशात ठेवला आणि मध्ये जाऊन उभे राहिले.

म्हादूनं बापाला खांद्याला धरून साहेबांकडे तोंड करून उभं केलं. "आता तुमच्या तोंडावर दुपार हाय."

"बरं."

"आनी पाठीवर रात."

अध्यक्षांनी मान वळवून स्वतःच्या पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. "म्हंजे आता माझ्या टकुऱ्यामागं माणसं झोपल्यात?"

"व्हय. आता जाग्यावर फिरा. बघा, त्यास्नी दिवस उजाडला."

अध्यक्ष सावकाश फिरले. फिरता फिरता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. आणखी एक गिरकी घेतली. "आयला, असं हाय व्हय," असं स्वतःशीच म्हणाले. मग म्हादूनं त्यांना सांगितलं की अशा गिरक्या घेत घेत साहेबांना पूर्ण वळसा घालायचा, म्हणजे वर्ष होतं. अध्यक्षांनी लुंगी वर खोचली आणि निघाले. अर्ध्या वर्षापर्यंत ठीक चाललं. पुढं वेग वाढला, पाय अडखळायला लागले, आणि दिवाळीच्या सुमाराला पृथ्वीचा तोल जाऊन ती सूर्याच्या गळ्यात पडली. साहेबांनी त्यांना घट्ट धरलं. पण जागचे हलले नाहीत.

अध्यक्ष धापा टाकत म्हणाले, "कळ्ळं. आता विचारा." बाईंनी विचारलं. अध्यक्षांनी दिवस, रात्र, वर्ष, सगळं सांगितलं. बाई वळून म्हणाल्या, "शेवंती, किती द्यायचे?"

मला वाटलं, परक्या साहेबांपुढं ही पोर तोंड उघडणार नाही. शेवंतीनं खाली बघितलं. वर बघितलं. "सात."

"का गं?" हे अध्यक्षांनी विचारलं.

"तुमी सरळ उभे हुता. पृथ्वी कललेली असती. कलली न्हाई तर उन्हाळा-हिवाळा कसा व्हायचा?"

"मग आदी सांगायचं न्हाईस?" असं म्हणून अध्यक्ष पुन्हा जागेवर गेले आणि कमरेत कलले. शेवंती पुढं झाली. हात धरून त्यांचं डोकं शाळेच्या कौलांकडे झुकवलं. "कल ह्याच बाजूला ठेवायचा. फिरलं तरी डोकं कौलाकडंच." हे सोपं नसतं, करून बघावं. अध्यक्ष वाकडे होऊन, मान कौलांकडे ठेवून, गिरक्या घेत सूर्याला वळसा घालत होते आणि शेवंती मागून चालत, "कल गेला. परत कला," म्हणत होती. साहेब सूर्यपणा सोडून हसायला लागले. म्हादू शुक्र होऊन आतल्या बाजूनं धावू लागला. सातवीची मुलं उरलेले ग्रह झाली. पहिली-दुसरीची कुठलेच ग्रह नव्हती, नुसतीच फिरत होती. मोठ्या बाई छत्री गरागरा फिरवत गुरूच्या वाटेनं निघाल्या. मी पर्यवेक्षक म्हणून कडेला उभी होते. मग मलाही राहवलं नाही.

शेवटी सगळी सूर्यमाला गवतात आडवी झाली. पायरीवर बसून पाणी पिताना साहेबांनी विचारलं, "अध्यक्ष, तक्रारीचं काय करू या?"

अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले, "माझे किती झाले ते आदी सांगा."

शेवंती म्हणाली, "साडेनऊ."

"अर्धा कुठं गेला?"

"सूर्याला धरलं न्हवं."

अध्यक्ष म्हणाले, "ऱ्हावं दे साहेब. अर्ध्यासाठी तक्रार कशाला." साहेबांनी भेटीच्या शेऱ्यात लिहिलं की विज्ञान प्रात्यक्षिकासह शिकवलं जातं, पालकांचा सहभाग उत्तम आहे. जीपमध्ये बसता बसता त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाई, सूर्यसुद्धा फिरतो ना?"

"फिरतो साहेब. खरं ते हायस्कूलला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीची आई शाळेत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "माजी पोर अध्यक्षाला बोलली म्हनं?"

"बोलली," बाई म्हणाल्या.

"काय बोलली?"

"कला म्हणाली. दोनदा."

आई पायरीवर बसली आणि खूप हसली. हसता हसता डोळे पुसून म्हणाली, "घरात एक सबुद काढत न्हाई ओ." बाई म्हणाल्या, "घरात तुम्ही चुका करत नसाल." शिगमा आला आणि गेला. मावशीकडे दुसरी कुणी गेली असेल. शेवंती आता जोयड्याच्या हायस्कूलला जाते, अध्यक्षांच्या जीपमधून, पुढच्या सीटवर. अध्यक्ष म्हणतात, मागं बसवली तर वळणावर माझं काय चुकतं ते तिला दिसत नाही.

बाई निवृत्त होऊन रामनगरला राहतात. मागच्या सुट्टीत त्यांना भेटायला गेले, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बाई गाडी शिकायला गेल्यात. थोड्या वेळानं ओळखीची जीप धक्के खात, मागं धूर सोडत आली. स्टिअरिंगच्या चक्राशी बाई. शेजारी अध्यक्ष, हँडब्रेकवर हात, ओठ हलत होते, बहुधा देवाचं नाव. लायसन्सच्या परीक्षेत बाई दोनदा नापास झाल्या होत्या आणि भलत्याच खवळल्या होत्या. "आठाचा आकडा काढा म्हणत्यात. रामनगरच्या रस्त्यावर आठ कुठं हाय? ट्रक हायत. गोव्याकडनं येणाऱ्या ट्रकाला वाट कशी देशील, हे विचारलं काय कुणी? कोंबडी आडवी आली तर? न्हाई. आठ काढा. प्रश्नच नापास हाय."

माझी परतीची बस होती. बाई म्हणाल्या, चला, सोडते स्टँडवर. मी मागं बसले. "जाताना कुठं चुकतंय ते सांगत ऱ्हावा," त्या म्हणाल्या आणि गाडी एकदम सुटली. बाजाराच्या गर्दीतून, दोन ट्रकांच्या मधून, एका म्हशीच्या शेपटाला वारा घालून आम्ही निघालो. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. मला ते जमलं नाही. स्टँड येईपर्यंत माझ्या तोंडातून एक अक्षर फुटलं नाही.

बाईंनी गचकन ब्रेक दाबला, मागं वळल्या आणि माझ्याकडे फार मायेनं बघून म्हणाल्या, "तोंडीला तुम्ही कच्च्याच हाय."